दुपारी दोनची ओल

सूनबाईनं मंद्रूपच्या रानात डाळिंबाची बाग लावली, त्याला तिसरं वर्ष होतं. आणि झाडं पिवळी पडायला लागली. दोन तर उभ्या उभ्या वाळली. ही बाग गेली तर पुन्हा लावायची उमेद तिच्यात राहायची नाही, हे तिच्या तोंडाकडं बघूनच मला कळत होतं.

मग तिनं ते यंत्र बसवलं. यंत्र म्हणजे काय, तर एक खांब, वर उन्हावर चालणारी पाटी, आणि जमिनीत पुरलेल्या दोन कांड्या. एक वीतभर खोल, दुसरी हातभर. मातीत ओल किती, ते या कांड्या दर पंधरा मिनिटांनी आपणहून टिपतात आणि मोबाईलवर त्याची रेघ उमटते. मी म्हटलं, मूठभर माती दाबून बघितली की कळतं की! जन्म गेला माझा त्यात.

आठवड्यानं ती मोबाईल घेऊन चुलीपाशी आली.

"आत्या, रोज दुपारी दोनला बागेत पाणी कोण सोडतंय?"

"मला काय म्हाईत? मी झोपलेली असते की."

"रोज त्याच वक्ताला रेघ चढतीया. यंत्र खोटं लिहीत न्हाय."

"म्हंजे सासू खोटं बोलती व्हय?"

बोलले खरी, पण मलाच हसू फुटलं. पाणी मीच सोडत होते. कोरड्या विहिरी बघत वाढलेली बाई मी. वरची माती भुरभुरीत दिसली की जीव राहायचा नाही. सगळे आडवे झाले की जाऊन ठिबकचा कॉक फिरवायचे. तिनं खालच्या कांडीची रेघ दाखवली. वर धूळ, पण हातभर खाली नुसता चिखल. मुळं कुजायला लागलेली. तेवढ्या खोल माझी मूठ कधी गेलीच नव्हती.

ती रागावली नाही, त्यानं जास्त लागलं. पण खरं सांगते, त्या यंत्राचं लई कौतुक वाटलं. उन्हात उभं, खाणं नाही, झोप नाही, सासूची बाजू नाही की सुनेची नाही. जे आहे ते लिहायचं.

मी कॉककडं जाणं बंद केलं. दुपारी हात शिवशिवायचे, मग शेंगा फोडत बसायचे. आणखी तीन झाडं गेली. बाकीच्यांना हळूहळू लालसर पालवी फुटली.

एक दिवस सूनबाईनं रानातून हाक मारली, "आत्या, खालची ओल कमी झाली. सोडा आता पाणी!"

मी गेले आणि कॉक फिरवला. उजळ माथ्यानं.