गजाननचा आवाज ऐकायला जानेफळला

लोक बुलडाणा जिल्ह्यात जातात ते शेगावला दर्शनाला, नाहीतर लोणारचं सरोवर बघायला. मी गेले एका गायकाचा आवाज ऐकायला, आणि तो गायक जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. सहलीची आखणी करायला म्हणून या ब्लॉगवर आलेल्यांनी हिरमुसू नये. रस्ता, जेवण, मुक्काम सगळं येईल. पण आधी गजाननबद्दल सांगू दे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतून ग्रंज नावाचा रॉकचा प्रकार कॅसेटींमधून आपल्याकडे पोचला. ढगळ चौकडीचे शर्ट, विस्कटलेले केस आणि घसा खरवडून गायलेली दुःखी गाणी. पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्याची लागण झाली. बाकीची मुलं जीन्स ब्लेडने फाडायची, गजाननची आपोआप फाटलेली असायची. तो मेहकर तालुक्यातल्या जानेफळचा. आमच्या बँडचं नाव त्यानेच ठेवलं, ‘पऱ्हाटी’. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. मी बेस गिटार वाजवायचे आणि तालात हमखास मागे पडायचे.

त्याच्या बोलण्याला पुण्याची मुलं हसायची. तो स्टेजवर आपल्या वऱ्हाडीतच गायचा आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत हसणाऱ्यांची तोंडं मिटलेली असायची. शेवटच्या गाण्यात तो एक आरोळी ठोकायचा. ती ऐकली की माझ्या हातांवर काटा यायचा, रोजच्या तालमीतसुद्धा. मला तो फार आवडायचा. मी त्याला आवडत होते का, हे मला कधीच कळलं नाही. परीक्षा संपल्यावर वडील आजारी म्हणून तो घरी गेला, शेतीत गुंतला आणि पुण्याला परत आला नाही. त्यांच्याकडे फोन नव्हता. पुढे माझं लग्न झालं, नोकरी झाली. त्याने लग्न केलं नाही असं उडत उडत कानावर आलं आणि मग तो काविळीने गेल्याचंही असंच कानावर आलं, तेही पार उशिरा.

आम्ही एकच कॅसेट भरली होती. माझ्या प्रतीला बुरशी लागली, बाकीच्यांच्या घर बदलताना हरवल्या. त्याचा आवाज कसा होता हे सांगता येत होतं, ऐकवता येत नव्हता. मागच्या वर्षी याच ब्लॉगवर मी ‘पऱ्हाटी’बद्दल चार ओळी खरडल्या, तेव्हा मेहकरच्या एका वाचकाने गजाननच्या धाकट्या बहिणीचा, सुनीताचा नंबर मिळवून दिला. मी फोन केला.

“ताई, आवाज हाये ना,” सुनीता म्हणाली. “रोज वाजते.”

“रोज?”

“हाव. थंडीत रोज. तुमचं नाव काय म्हटलं?”

“मंजिरी. कॉलेजात सगळे मंजू म्हणायचे.”

“मंजू?” तिने पुन्हा विचारून घेतलं. मग ती म्हणाली, “या मंग. हरभरा उभा हाये तोवर या.”

आवाज ऐकायचा आणि हरभऱ्याचा काय संबंध, हे मला कळलं नाही. विचारायचीही हिंमत झाली नाही. नवऱ्याने गाडीची हवा तपासून आणली आणि मी येऊ का म्हणून विचारलं. नको म्हटल्यावर बरं म्हणाला.

पुण्याहून पहाटे निघालात तर नगर ओलांडून दहाच्या सुमाराला संभाजीनगर येतं. पुढे समृद्धी महामार्ग मेहकरपर्यंत सरळसोट आहे. इतका सरळ की झोप येते, आणि खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका, डबा न्या. मी पोळीचे रोल नेले होते आणि तेही एका हाताने खाल्ले. गाडी नसेल तर पुण्याहून मेहकरला एसटी आहे, मात्र कंबर तेवढी घट्ट हवी.

मुक्काम लोणारला केला. साधं लॉज, गरम पाणी बादलीने आणून देतात. सरोवराच्या काठावर संध्याकाळी जरूर उभे राहा. उल्का पडून झालेला तो प्रचंड खळगा, खाली हिरवट पाणी, उतरणीवर मोर. खाली उतरायचं तर सकाळी आणि बूट घालूनच. पाण्याजवळ उग्र वास येतो, नाक मुरडू नका. खरं सांगते, मी तिथे फारशी नव्हतेच. मनात एकच, उद्या ऐकला आणि तो आवाज आपल्याला आठवतो तसा नसला तर?

दुसऱ्या दिवशी मेहकरहून खामगावच्या रस्त्याने जानेफळ. दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा. गावात शिरताच एका टपरीवर चहा घेतला आणि चहावाल्याला विचारलं, गजाननचं शेत कुठे?

“कोनता गजानन? गल्लीगल्लीत गजानन हाये इथं.”

“गायचा तो. पुण्याला शिकायला होता.”

“भोंगावाला काय?” बाकावरचे एक आजोबा म्हणाले. “मंग तसं सांगा ना. पांदीनं सरळ जा, भोंगा दिसन.”

मला राग आला. माणूस गेला तरी त्याच्या आवाजाची चेष्टा थांबली नाही म्हणायची. पुण्याच्या पोरांनी केली, आता गावानेही करावी? मी चहा अर्धा टाकून निघाले. चहा उत्तम होता, तुम्ही टाकू नका.

पांदीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या गाडीवाटेच्या टोकाला सुनीता आणि तिचा नवरा विठ्ठलराव उभे होते. गजाननचं शेत आता ते दोघं करतात. सुनीताचे डोळे थेट त्याचे. तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत ठेवली होती. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, कांद्याची पात, आणि हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून केलेली भाजी. असं भरीत पैसे देऊन मिळत नाही, तेव्हा खर्चाच्या रकान्यात ते धरू नका.

जेवताना मी दोनदा कॅसेटचा विषय काढला. दोन्ही वेळा सुनीता “वाजन ना, दिवस कलू द्या,” एवढंच म्हणाली. शेताच्या मधोमध एका उंच बांबूवर कर्णा बांधलेला होता, जत्रेत असतो तसा, खाली बॅटरी आणि सोलरची छोटी पाटी. मी तिकडे नीट पाहिलंही नव्हतं.

ऊन उतरलं. विठ्ठलराव उठून बांबूकडे गेले आणि काहीतरी खटका दाबून आले. जरा खरखर झाली. मग त्या उभ्या हरभऱ्यावरून गजाननचा आवाज आला.

“मंजू, मांगं काऊन राह्यली? चाल!”

आणि लगेच ती आरोळी.

बेस मागे पडला की तो गाता गाता माझ्यावर असंच खेकसायचा. ते कॅसेटमध्ये शिरलेलं मी पार विसरले होते. आणि मी काय करावं? हातातला तांब्या खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, “आले रे.”

विठ्ठलराव हसले. सुनीता हसली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला. पलीकडच्या तुरीतून काहीतरी धडपडत पळालं.

“रोही,” विठ्ठलराव म्हणाले. म्हणजे नीलगाय. “रोही आन् रानडुकरं. इथं पीक राखाले आदमी पुरत नाही. भाऊनंच बसवलं हे. आदी टेपवर होतं, आता म्या मेहकरले जाऊन कार्डात भरून आनलं.”

“पूर्ण गाणं आहे का?” मी विचारलं. त्यासाठीच आले होते.

“नाई हो. पूर्न गानं लावून पाह्यलं भाऊनं. शब्द चालू राह्यले का डुकरं निवांत खात. वरडला का पळत. मंग त्यानं तेवढंच ठेवलं. क्यासेट तं घासून घासूनच गेली.”

म्हणजे गाणी गेली. चारशे किलोमीटरवरून मी ज्याच्यासाठी आले ते या शेतात डुकरं हाकता हाकता झिजून संपलं होतं. मला रडू आलं आणि हसूही. जी आरोळी ऐकून आम्ही पुण्यातले शहाणे अंगावर काटा आणून घ्यायचो, तिच्यावर इथे एका घराचा हरभरा दरवर्षी वाचत होता. कुठल्या गायकाच्या वाट्याला असं काही येतं?

मग मी विचारलं, “डुकरांना आरोळी पुरे होती. नाव कशाला ठेवलंत?”

विठ्ठलरावांनी सुनीताकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांगा ना. त्याच्यासाठीच तं आल्या.”

“म्या म्हटलं होतं त्याले,” ते म्हणाले. “बाईचं नाव हाये, काढून टाका, गावात लोक काय म्हनतीन. तं म्हने, जवाई, ते राहू द्या. डुकराइले वरडनं पुरते. नाव माह्यासाठी हाये.”

कर्ण्याने पुन्हा हाक मारली आणि या खेपेला मी गप्प राहिले. इतकी वर्षं जे मला माहीत नव्हतं ते या पांदीवरच्या प्रत्येक माणसाला पाठ होतं. वाटेने जाणारी एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन थांबली, सुनीताला म्हणाली, “ह्याच का मंजू?” सुनीताने मान हलवली. त्या बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं आणि भारा सावरत पुढे गेली.

निघताना विठ्ठलरावांनी तो तुकडा माझ्या फोनमध्ये घालून दिला. सुनीताने हरभऱ्याची भाजी आणि ओली तूर पिशवी भरून दिली. पुढच्या महिन्यात कुंपणाला झटका मशीन लावणार असल्याचंही ती म्हणाली. तारेला जनावर शिवलं की झटका बसतो. रानडुकरं आता आवाजाला सरावली आहेत, पूर्वीसारखी पळत नाहीत. त्यात कोणाची काय चूक?

परतीचा रस्ता तोच, फक्त नगरजवळ वाहनांची रांग लागली. जायचं असेल तर थंडीत जा. लोणार बघा, मेहकरला थांबा, भरीत खायचं असेल तर ओळख काढा. माझं विचाराल तर घरी आल्यावर मी नवऱ्याला तो तुकडा ऐकवला. त्याने दोनदा ऐकला. आवाज मोठा होता, म्हणाला, आणि तूर सोलायला बसला. गाणी मला आता अजिबात आठवत नाहीत. आठवायला गेले की हाकच येते. आणि मी, जिला आयुष्यभर आपण कोणाच्या लक्षात राहिलो नाही असं वाटत होतं, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होते. तिकडे जावंसं वाटतं.

गेल्या आठवड्यात सुनीताचा फोन आला. झटका मशीन बसलं, भोंगा उतरवला.

“पन ताई, ते भारेवाली काकू नाही का, पांदीवर दिसलेली? ते रोज विचारून राह्यली. म्हने, आता मंजूले कोनी हाक काऊन मारत नाही?”

पिशवीतली उरलेली तूर समोर वाळत पडली होती.

“त्यांना सांग,” मी म्हटलं, “मंजू येऊन गेली.”