कोरफडीत बुडवलेले पेरू

फळांना माझ्या साडूंइतकं जपणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. टेंभुर्णीजवळ त्यांची पेरूची बाग. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोरफडीचा गर काढून, गाळून, जरा गरम करून त्यात फळं बुडवायला सुरुवात केली. वाळल्यावर फळावर नजरेला न दिसणारा पातळ थर बसे आणि फळ जास्त दिवस टिके. थर खाल्ला तरी चालतो, हे ते पेरू चाटून सिद्ध करत. पेरू झाले, केळी झाली, पपया झाल्या. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तेव्हा मी गुरुजींशी बोलून वळेपर्यंत पूजेची फळंसुद्धा पातेल्यात गेली होती. नव्या पेठेत कापड घ्यायला गेलं, तरी हे आपले फळवाल्याच्या गाडीपाशी. "पाव्हणं, तोडलेलं फळबी श्वास घेत असतंय की," मला समजावत, "तो जरा हळू घ्यायला लावायचा." मेव्हणीबाई, म्हणजे आमच्या अक्का, हसून म्हणत, "आता मलाबी बुडवा एकदा."

मागच्या हिवाळ्यात अक्का सकाळी टोपलीभर पेरू तोडून आल्या, टोपली ओट्यावर ठेवून टेकल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. मुलगी कॅनडात. रजा, तिकीट, लेकराची कागदपत्रं, यांत तिचे दिवस जाणार होते. अंत्यसंस्कार तिच्याविना झाले. आपल्यासाठी थांबले नाहीत म्हणून ती वडिलांशी फोनवरही बोलेना.

पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघरात गेलो, तर साडू गर गाळत बसलेले.

"आता कशाला हे?" मी म्हणालो.

"तिनं तोडल्यालं शेवटचं हाय. पोरीला मिळाय पायजे."

मग रोज ते एकेक फळ हातात घेऊन बघत, मऊ पडलेलं बाजूला काढत. टोपली रिकामी होत गेली. मुलगी आली तेव्हा एकच पेरू उरला होता, तोही देठाशी काळवंडलेला. साडूंनी तो चिरून तिच्यापुढं धरला.

"आईनं तोडलाय," एवढंच म्हणाले.

ती खाली बसली. सावकाश, बियांसकट खाऊ लागली. निम्मा झाल्यावर तिनं एक फोड उचलली. "अण्णा, तुमी पण घ्या."

इतक्या वर्षांत मी त्यांना निवांत बसून फळ खाताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते लेकीशेजारी बसले. फोड तोंडात घातली, आणि बराच वेळ चावलीच नाही.