दोर धरणारी बाई

वनखात्यात नवऱ्याला सगळे शेंडेवाला म्हणायचे, म्हणून ती शेंडेवालीण. पण तिने जन्मात कधी झाडाचा शेंडा जवळून पाहिला नव्हता. नवरा दोनशे फुटी झाडांवर चढून बियांची बोंडं तोडायचा आणि ती बुंध्याशी उभी राहून त्याचा दोर धरायची. हातात चामड्याचे मोजे, दोराचा एक वेढा शेजारच्या खोडाला, दुसरा कमरेला. दोन हिसके आले की दोर सैल सोडायचा, तीन आले की पोतं खाली घ्यायचं. अशी अठरा वर्षं काढली. "वर बघून बघून माझी मान आखडली, लोकांना वाटतं बाई तोऱ्यात आहे," असं ती हसत सांगायची.

नवरा निवृत्त झाला, त्याचे गुडघे गेले आणि दोघं शहरात लेकीकडे राहायला आली. यंदा लेकीने हट्टाने जंगलातल्या विश्रामगृहात दोन दिवस खोली घेतली. दार उघडून पाहतात तर काय, ती बोंडं वाळवायची जुनी शेड! आता तिथे फरशी होती, पलंग होते, पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या. नवऱ्याने लाकडी भिंतीला नाक लावलं.

"राळेचा वास अजून येतोय गं."

"तुमच्या नाकातच बसलाय तो," ती म्हणाली. पण तो हात धुवायला गेल्यावर तिनेही हळूच हुंगून पाहिलं. भर दुपारी बोंडं तडतडत उकलायची आणि तान्ही लेक त्या आवाजातच गाढ झोपायची, ते तिला आठवलं.

सगळ्यात उंच झाडाला आता जिना केला होता आणि वर कठड्याचं मचाण. सकाळी नवरा खाली बाकावर बसला आणि मायलेकी वर निघाल्या. दोनशे दहा पायऱ्या. ती कठडा घट्ट धरून, देवाचं नाव घेत चढली. वर पोचल्यावर तिने आधी दूरवर नजर टाकली. झाडंच झाडं, आणि पूर्वेला आडवा डोंगर.

"लाल छपरांचं गाव कुठल्या बाजूला?" तिने तिथल्या रखवालदाराला विचारलं.

"ते डोंगरापलीकडे, आजी. इथून नाही दिसत."

लाल छपरांचं गाव म्हणजे तिचं माहेर. नवरा रोज खाली उतरून डबा उघडता उघडता सांगायचा, तुझ्या घराचं छप्पर दिसलं, आज धूर निघत होता, आज आईने गाद्या उन्हात टाकल्यात. गाद्यांची गोष्ट थाप आहे, हे तिला तेव्हाही कळायचं. छप्पर मात्र तिने खरं मानलं होतं. दोर धरायला लागल्याच्या सातव्या वर्षी तिची आई वारली आणि त्याने तो विषयच बंद केला. महिन्याभराने तिनेच विचारलं होतं, "आज छप्पर दिसलं का हो?" तो म्हणाला होता, "दिसलं. कुणीतरी नीट शाकारलंय."

खाली येताच तिने त्याला गाठलं. "अहो, वरून माझं माहेर दिसत नाही!"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "नाहीच दिसत."

"मग अठरा वर्षं मला बनवलंत?"

"नवीन होतीस तेव्हा दोर धरून रडत उभी राहायचीस. माझे हिसके तुला कळायचे नाहीत. वर माझा जीव टांगणीला! काहीतरी सांगणं भाग होतं." मग तो हळूच म्हणाला, "आणि पुढे तूच विचारायचीस की."

लेक खो खो हसत सुटली. ती मात्र चहा येईपर्यंत फुगून बसली, आणि चहात बिस्कीट बुडवताना तिलाच हसू फुटलं.

"बरं, ते जाऊ दे," नवरा म्हणाला. "मागच्या उतारावर आपल्या शेवटच्या वर्षीच्या बियांची रोपं लावली होती. ती केवढी झालीत?"

तिने तिकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक अजून अंथरुणातच होती, तेव्हा ती एकटीच पुन्हा दोनशे दहा पायऱ्या चढली. उतारावर कोवळ्या, फिकट हिरव्या शेंड्यांची दाटी होती. तिने बोटाने साठापर्यंत मोजले, मग गडबडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.