देवी बोलली नाही तो दिवस

खरा भगत कसा ओळखायचा, असं इथल्या, सुरतच्या डिंडोलीतल्या बाया आता मला विचारतात. मला हसूच येतं. मी एवढी शहाणी असते तर सख्ख्या जावेशी चार महिने अबोला धरला असता का?

माझी सात वर्षांची लेक मधेच टक लावून बसायची, हातातला घास गळून पडायचा. एके दिवशी हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. मी पुरती हबकले. साड्यांना लेस लावायला माझ्यासोबत बसणाऱ्या बाईने कडोदऱ्याचा एक भगत सांगितला. लेकीला घेऊन गेले, तर तो घुमायला लागला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, घरातल्याच बाईची करणी आहे, तिच्या हातचं पाणीही घेऊ नका, दवाखान्यात नेलंत तर उलटेल. घरात दुसरी बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, जिजी. तिला मूलबाळ नाही. माझं मन लगेच तिकडे धावलं, याची आज लाज वाटते. त्या श्रावणात जिजीने आमच्या खानदेशातल्या देवीचे, कानबाईचे, प्रसादाचे रोट केले. ते भाऊबंदांनीच खायचे, नाकारले तर नातंच नाकारल्यासारखं. मी माझा वाटा तसाच ठेवला, लेकीलाही खाऊ दिला नाही. जिजीने ताटाकडे पाहिलं आणि ते उचलून आत नेलं.

गंडेदोरे बांधूनही झटके वाढतच गेले. एका दुपारी पोर पुन्हा ताठ झाली. नवरा लूमवर, कापडाच्या मागावर कामाला गेला होता, माझी किंकाळी ऐकून जिजीच धावली. झटका ओसरल्यावर तिने दवाखान्याचं नाव काढलं, मी ऐकेना. मग ती म्हणाली, भगतच पाहिजे ना, तर आपल्या गावच्या आबांना विचार. आबा म्हणजे आमच्या खानदेशातल्या गावाहून आलेले, इथे आमच्याच गल्लीत राहणारे म्हातारे भगत, जन्मभर लूमवर राबलेले. पोरीला कडेवर घेऊन जिजीच पुढे चालू लागली.

आबांनी सुपात ज्वारी घेतली, देवीचं नाव घेऊन चिमूट उचलली, कौल बघायला दाण्यांच्या जोड्या लावल्या. असं तीनदा केलं. आता जिजीचं नाव तिच्या तोंडावरच निघणार, अशी माझी खात्री होती. आबांनी सूप बाजूला सारलं.

“माय, देवी काहीच बोलनी नही. मी मनाच मनथी काय सांगू? पोरले दवाखानामा ली जाय.”

मी चिडलेच. कुणी केलंय ते तरी सांगा, म्हणून हट्ट धरला. न दिसलेलं बोललो तर देवीपुढे उभा कसा राहू, एवढंच ते म्हणाले आणि स्वतः चपला घालून रिक्षा बघायला निघाले. इतक्या जुन्या भगताने, मला काही दिसलं नाही, असं तोंडावर सांगावं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. माझा हट्ट तिथेच गळाला.

दवाखान्यात मिरगी निघाली. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू झटके थांबले. पोर गोळ्यांनी बरी झाली हे मला कळतं. पण मी देवीकडे माझ्याच मनातलं उत्तर मागत होते आणि तिने ते दिलं नाही, म्हणून आम्ही त्या दारापर्यंत पोचलो, हेही कळतं. तेव्हापासून देवी गप्प राहिली तरी मी घाबरत नाही.

त्या पहिल्या दिवशीच, दवाखान्याच्या बाकावर, मी जिजीला सगळं सांगून टाकलं. रडू आवरत नव्हतं. मांडीवर झोपलेल्या पोरीच्या केसांतून ती हात फिरवत होती.

“माले माहीत व्हतं,” ती म्हणाली. “पन पोर आपली शे.”

देवीला नमस्कार करायला मी हात जोडले होते. मी खाली वाकले आणि जिजीचे पाय धरले.