नाक्यावरची जनी

जीप निघाली तेव्हा जनी माझ्या शेजारी बसलेली असायला हवी होती. पेठच्या डोंगरातल्या आश्रमशाळेतून आम्ही दोघी बारावी झालो, नर्सिंगला नाशिकला जायचं दोघींनी मिळून ठरवलं, दोघींना जागाही मिळाली. पण भाताच्या आवणीचे, रोपं लावायचे दिवस, तिचा बाप पाय मोडून घरात पडलेला, पाठची तीन भावंडं. ती चिखलाच्या पायांनी मला सोडायला आली. "तू हो पुढं. मी येते पुढल्या वर्षी."

माझी आई जीपच्या खिडकीशी एवढंच म्हणाली, "मोठी झालीस तरी आमच्याशी आपली बोली बोल."

पुढल्या वर्षी जनी आली नाही. मी मात्र नाशिकचीच झाले. हॉस्टेल, नाईट ड्युटी, लग्न, मुलाची इंग्लिश मीडियम शाळा. गावी गेले की जनीची चौकशी करायचे. "कामाला गेलीय," एवढंच कळायचं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही फ्लॅट घेतला. राहायला जाण्याआधी साफसफाईला बाई हवी म्हणून सकाळी मजूर नाक्यावर गेले. स्कूटी थांबताच पाच-सहा जणी भोवती जमल्या. "बोला ताई, काय काम हाय?" विचारणारी जनी होती.

मी हेल्मेट काढलं, तशी तिनेही मला ओळखलं. मग मी घाईघाईने म्हणाले, "अगं, तुला कशी नेऊ मी?" आणि तिच्या शेजारच्या बाईला हात केला.

जनीने मला बाजूला ओढलं. "लाज तुला वाटती, न् आजचा रोज माझा बुडवतेस व्हय?"

ती मागे बसली. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने तिचं नाव लिहिलं, पुढे 'कामवाली'. मी म्हटलं, "मैत्रीण आहे माझी." त्याने लिहिलेलं खोडलं नाही. मीही खोडायला लावलं नाही. ते अजून सलतं.

दिवसभर आम्ही दोघींनी फरशीवरचे सिमेंटचे डाग घासले. "तीन माणसांना दोन बाथरूम?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. दुपारी तिची नागलीची भाकरी मी खाल्ली, माझा डबा तिने. धीर करून विचारलं, "माझा राग येतो का गं?"

"तुझा कशाला? तू काय माझी जागा घेतलीस? जागा दोन व्हत्या. मला येता आलं नाय."

गावाकडच्या माणसांनो, तुम्ही विचारता, इथे करमतं का. त्या दिवसापर्यंत मी पटकन हो म्हणायचे.

निघताना जनी म्हणाली, "घरी ये कधी." मी विचारलं, "गावी?" "गावी आता म्हातारी माणसंच. आम्ही समदी हितं, पेठ रोडला, ताडपत्रीखाली."

पुढच्या रविवारी सुट्टी होती. काहीच काम नसताना नाक्यावर गेले आणि जनी न् बाकीच्या बायकांत उभी राहिले. त्यातल्या चौघीजणी आमच्याच पाड्यावरच्या निघाल्या. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची विहीर आटली, सगळं आपल्या बोलीत. कितीतरी वर्षांनी माझी जीभ तशी वळली.

तेवढ्यात एक गाडी थांबली. काच खाली करून आतल्या माणसाने बायका मोजल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "ही पण येईल का?"

जनीच पुढे झाली.

"ती कामाला नाय," ती म्हणाली. "ती आमच्या गावची हाय."