काकांचा शिकाऊ

बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळे 'चौकशी' म्हणत. ड्रायव्हर म्हणत, चहावाला म्हणे, आणि अलीकडे घरी नवराही म्हणायला लागला होता. तिला त्याचं काही वाटत नसे. बाई गोल चेहऱ्याची, खणखणीत आवाजाची आणि थापा मारण्यात पटाईत. हे तिच्या तोंडावर कुणी म्हटलं असतं तर तिने खिडकीची फळी धाडकन खाली ओढली असती, पण तिचं कामच तसं होतं. गाडी नेमकी कुठे आहे हे डेपोत कुणालाच ठाऊक नसायचं, आणि समोर उभ्या माणसाला काहीतरी सांगणं तर भाग असायचं. मग ती सांगे, "निघालीय, येईलच एवढ्यात." माणूस बाकावर जाऊन बसे, जरा निवांत होई आणि बहुतेक वेळा गाडी येईही. माणसाला गाडीच्या आधी दिलासा लागतो, असं तिचं ठाम मत होतं.

काकांच्या बाबतीतही तिने हेच केलं.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. ती लहान असतानाच वडील गेले, तेव्हा काकांनी तिला आपल्या घरी आणलं, शिकवलं, मार्गाला लावलं, आणि हे सगळं एकही गोड शब्द न बोलता. धंदा पुस्तकं बांधण्याचा. जिना चढून वर गेलं की पहिलीच खोली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कोपऱ्यात पुठ्ठ्यांची थप्पी आणि खोलीभर कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. त्या टेबलाखाली बसून कागदाच्या कात्रणांत तिचं बालपण गेलं होतं. तिची शाळेची पुस्तकं काकांनी अशी काही बांधली होती की वर्ष संपलं तरी ती नवी दिसत, आणि जुनी पुस्तकं घेणारा दुकानदार तिच्याकडे संशयाने बघे. ही पोरगी अभ्यास करते की नाही, असं त्याला वाटत असावं.

काकांनी आयुष्यात कुणाला 'बरं' म्हटलं नव्हतं. जेवायला चला म्हटलं की 'बघू'. छत्री घ्या म्हटलं की 'बघू'. काकूंनी सगळा संसार त्या 'बघू'वर केला आणि त्या शेवटपर्यंत हसतमुख राहिल्या. अशा बायकांचं कौतुक करावं की त्यांना ओरडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकू गेल्यावर काका एकटे राहू लागले. ऐंशी उलटली, नजर मंदावली, पण हात टेबलावरून हलले नाहीत. मग एकदा खळ चुलीवर ठेवून ते पुस्तक शिवायला बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. पातेल्याचा कोळसा झाला. शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. आतून कडी लावलेली. सुताराला बोलावून दार काढावं लागलं. काका आत भिंतीला टेकून बसले होते, आणि सुताराला पहिलं वाक्य काय बोलले, तर "बिजागऱ्या जपून काढ."

काकांचा मुलगा, म्हणजे चौकशीचा दादा, दूरच्या शहरात होता. चांगली नोकरी, चांगलं मन, वेळ मात्र अजिबात नाही. त्याने फोन केला.

"आता त्यांना एकटं ठेवायचं नाही. मी इकडे एक जागा बघितलीय. स्वच्छ आहे, बाग आहे, डॉक्टर रोज येतो."

"टेबल नेता येईल तिथे?" चौकशीने विचारलं.

"अगं, खोलीत एक खाट आणि एक कपाट मावतं."

टेबलाशिवाय काका कसे दिसतील, हे तिच्या डोळ्यासमोर येईना. दादाही काही दगड नव्हता. तो म्हणाला, "मग तू घरी माणूस टिकवून दाखव. खर्च निम्मा माझा, निम्मा तुझा. नाही टिकला तर मात्र तिकडे न्यायचं, आणि तेव्हा तू रडायचं नाहीस."

तिने सुट्ट्यांच्या दिवशी जादा पाळ्या धरल्या आणि माणसं शोधायला लागली. पहिली बाई आली, तिने काकांच्या गळ्यात रुमाल बांधला आणि घास भरवायला चमचा पुढे केला. तिला काकांनी चहा पाजून परत पाठवली. दुसरा माणूस दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसे. तिसरी कडक शिस्तीची नर्स. तिने काकांची कागद कापायची सुरी कपाटात ठेवून कुलूप लावलं. ती दुपारच्या आतच जिना उतरली. "मला सांभाळायला माणूस कशाला?" काका म्हणाले. "मी काय पडलेलं पुस्तक आहे?" आणि दादाचा फोन आला की चौकशी सांगे, "बघितलाय एक माणूस, येईलच एवढ्यात." डेपोची सवय, दुसरं काय.

एक माणूस खरंच होता. रोज सकाळी डेपोच्या बाकावर येऊन बसे आणि कुठल्याच गाडीने जात नसे. शेवटी तिने खिडकीतून हाक मारून विचारलं. तो हॉस्पिटलात वॉर्डातला मदतनीस म्हणून निवृत्त झालेला. तिथे सगळे त्याला मामा म्हणत. रोग्याला उचलणं, कूस बदलणं, अंघोळ घालणं, सगळी कामं केलेली. "घरी बसलो की बायको म्हणते पायात पायात येता," तो म्हणाला. "म्हणून इथे येऊन बसतो."

चौकशीला तिथल्या तिथे कल्पना सुचली. त्याच संध्याकाळी ती काकांकडे गेली आणि म्हणाली, "काका, एकजण बांधणी शिकायचं म्हणतोय. मागेच लागलाय."

काकांनी चष्मा वर केला. "वय काय?"

"साठीच्या आसपास."

"या वयात?"

"हौस आहे हो."

त्यांच्याकडे शेवटचा शिकाऊ येऊन युग लोटलं होतं. "हात बघू आधी त्याचे," ते म्हणाले.

मामांना तिने सगळं खरं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "थापा तुम्ही मारा, ताई. मी फक्त शिकेन. पण शिकेन ते मनापासून."

काकांनी मामांचे पंजे उलटसुलट करून पाहिले. "बोटं जाड आहेत," ते म्हणाले. "बघू." त्यांच्या तोंडचं हे 'बघू' चौकशीला त्या दिवशी फार गोड लागलं.

आणि मग जे घडलं ते तिच्या कल्पनेच्या पलीकडचं होतं. काका ज्या उस्तादाकडे शिकले त्याची शिस्त जुनी होती. शिकाऊने दुकान झाडायचं, खळ शिजवायची, उस्तादाचं ताट वाढायचं, बाजारात जाताना त्याच्या बरोबर चालायचं आणि संध्याकाळी त्याचे पाय चेपायचे. काकांनी ती सगळी शिस्त जशीच्या तशी मामांना लावली. रोगी म्हणून ज्या ज्या गोष्टीला त्यांनी नकार दिला होता, ती प्रत्येक गोष्ट त्यांनी उस्ताद म्हणून हक्काने मागून घेतली. चुलीपाशी जाणं बंद झालं, कारण खळ शिकाऊने शिजवायची. जिन्यावर मामांचा हात दंडाला असे, कारण शिकाऊने बरोबर चालायचं. मामा पाय चेपताना सूज आहे का तेही बघून घेत. काका डोळे मिटून म्हणत, "जोर कमी पडतोय."

एकच घोडं अडलं होतं. त्याच शिस्तीत शिकाऊने फक्त ऐकायचं होतं, बोलायचं नव्हतं. "गोळी राहिली" असं मामा म्हणाले की काका म्हणत, "तू शिवणीकडे लक्ष दे." अंघोळीला जाताना काका आतून कडी लावत, आणि मामा बाहेर दाराला कान लावून उभे राहत. पाणी पडल्याचा आवाज थांबला की त्यांचा हात दारावर जाई.

तरीही दिवस छान चालले होते. चौकशी डेपोतून परतताना रोज डोकावे. टेबलाशी दोन पांढरी डोकी, मधे दोरा ओढल्याचा आवाज, काकांचं एखादं खेकसणं. ती दारातच उभी राही आणि तिला आतून बरं वाटे. दादाला ती फोनवर सांगे, "टिकलाय." हे मात्र ती खरं सांगत होती.

मग एका संध्याकाळी काका सहज म्हणाले, "याला जमलंय आता. रविवारी जिना करू."

जिना म्हणजे काय ते चौकशीला लहानपणापासून ठाऊक होतं. शिकाऊने एकट्याने एक कोरं पुस्तक बांधायचं आणि उस्तादाने ते जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली फेकायचं. पुस्तक आपटत आपटत खाली गेलं आणि तरी शिवण शाबूत राहिली, तर शिकाऊ पास. पास झाला की त्याने उस्तादाचं घर सोडायचं. काका स्वतःही असेच बाहेर पडले होते. मामा पास झाले तर काका त्यांना हात जोडून निरोप देणार, आणि मग ती दूरची खोली, एक खाट, एक कपाट.

तिने मामांना जिन्यात गाठलं. "एक टाका सैल सोडा. एकच. म्हणजे अजून वर्षभर शिकत राहाल."

मामा खाली बघत राहिले. नोकरी त्यांचीही जाणार होती, आणि या घरात त्यांचाही जीव रमला होता. "ताई, मी आयुष्यभर पट्ट्या बांधल्या," ते म्हणाले. "सैल बांधायला हात वळत नाही. तरी बघतो."

रविवारी शेजारपाजारचे दारात आले, कारण जिना बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. चौकशीला त्यांनी खाली उभं केलं, पुस्तक उचलून आणायला. मामांनी पुस्तक काकांच्या हातात दिलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. काकांनी पुस्तक एका पुठ्ठ्याला धरून झटकलं आणि खाली सोडलं.

ते पायरी पायरीवर आपटत आलं आणि तिच्या पायाशी पडलं. वर उभ्या लोकांकडे पाठ करून तिने ते उघडलं. प्रत्येक टाका जागच्या जागी. मामांना सैल बांधायला जमलं नव्हतं.

मधल्या पानांत दोरा तिच्या नखाखाली आला. एक झटका, बस. कुणाला कळलं नसतं. जिच्या तोंडून दिवसाला शंभर थापा निघतात त्या बाईला ही एक जड जायचं कारण नव्हतं. पण त्या दोऱ्याला काकांच्या शिवणीसारखाच पीळ होता. तसा पीळ तिने टेबलाखाली बसून लहानपणी हजारदा पाहिला होता. म्हाताऱ्या माणसाने मंद डोळ्यांनी पुन्हा एकदा कुणाला तरी तो शिकवला होता, आणि तो तोडून तिला काकांना घरी ठेवायचं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने नख काढलं आणि डोळे पुसून ती जिना चढली.

"शाबूत आहे," ती म्हणाली.

काकांनी पुस्तकावरून बोटं फिरवली. मान हलवली. मग मामांकडे वळून म्हणाले, "शिकणं संपलं तुमचं." मामांना ते पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होते. चौकशीने कठडा घट्ट धरला.

"आता कुठे जाणार?" काकांनी विचारलं.

"जायला कुठे आहे," मामा म्हणाले. "डेपोच्या बाकावर."

"मग इथेच कारागीर म्हणून राहा. माझे डोळे गेले, टेबल रिकामं राहणार. पगार मी देईन."

चौकशी पायरीवरच बसली. शेजाऱ्यांना वाटलं तिला चक्कर आली. मामांना तिचा आणि दादाचा पगार आधीपासून होता, हे काकांना ठाऊक होतं की नव्हतं? तिने विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. काकांनी ठरवलेला पगार त्यांच्या ऐन उमेदीच्या काळातला होता. आजच्या हिशेबाने त्यात चहासुद्धा भागला नसता. मामा ते पैसे घेऊन तिच्याकडे आले, म्हणाले, दोन पगार कसे घेऊ. "तो कामाचा पगार आहे, ठेवा," ती म्हणाली. "आमचा वेगळा." फोनवर दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दूरच्या खोलीचा विचार त्याने दुसऱ्या दिवशी सोडून दिला.

काकांच्या शिस्तीत आणखी एक नियम होता, आणि तो चौकशी पार विसरली होती. शिकाऊने बोलायचं नाही, पण कारागिराचं मालकाने ऐकायचं. नाहीतर चांगला कारागीर टिकत नाही, असं काकांचा उस्ताद म्हणे.

सोमवारी ती डेपोत जाण्याआधी डोकावली. काका खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराकडे निघाले होते. मामा टेबलाशी बसून पुठ्ठा कापत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "दार नुसतं लोटून घ्या. कडी लावू नका. आणि आल्यावर गोळी घ्यायचीय."

काका थांबले.

"बरं," काका म्हणाले, आणि दार लोटून आत गेले.