वर न गेलेले हात

ओरेस्ट हाव्रिलुक स्वेटर काढायचा तोही एकेका बाहीतून. दोन्ही हात एकदम डोक्यावर न्यायचे नाहीत, हे त्याचं ठरलेलं. हॉकीच्या सामन्यात गोल झाला की अख्खं गाव हात उंचावून बेंबीच्या देठापासून ओरडायचं. हा आपला खिशात हात घालून उभा. नवख्यांना वाटायचं, म्हातारा भारीच खडूस आहे. जुन्यांना कारण माहीत होतं, ते तिकडे बघायचंच टाळायचे.

कॅनडातल्या उत्तर मॅनिटोबाच्या त्या तळ्याकाठच्या गावाला धड रस्ता नाही. दूध, औषधं, अडलेल्या बाया, सगळी ने-आण छोट्या विमानांतून, आणि त्या विमानांची दुरुस्ती ओरेस्टकडे. उतरण्याआधी चाकं खाली येऊन पक्की बसली की वैमानिकासमोर हिरवा दिवा लागतो. पण तिथल्या थंडीत दिव्याचा काय भरवसा? म्हणून एक रीत पडली होती. दिवा लागला नाही की विमान दुरुस्तीच्या शेडवरून अगदी खालून न्यायचं. ओरेस्ट बाहेर येऊन चाकं बघायचा आणि दोन्ही हात उंच करायचा. म्हणजे, ये बाबा खाली. दिव्यापेक्षा त्या हातांवर लोकांचा विश्वास जास्त, आणि खरं सांगायचं तर ओरेस्टलाही त्याचा थोडा तोरा होता.

गॉर्डी स्पेन्स हा वैमानिक त्याचा जिवलग. एका जानेवारीत, भर दुपारी, गॉर्डी असाच शेडवरून गेला. चाकं सरळ खाली आलेली दिसली, ओरेस्टने हात वर केले. गॉर्डीने पंख हलवून दाद दिली, वळला, टेकला, आणि विमानाच्या डाव्या चाकाचा पाय दुमडला. विमान फरफटत झाडांत घुसलं. गॉर्डीला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

चाक नुसतं खाली येऊन भागत नाही. वर एक लोखंडी आकडा असतो, तो खटकन बसला तरच पाय ताठ राहतो. आणि तो आकडा जमिनीवरून दिसत नाही. अडकला तर विमानातला हातपंप मारून तो रेटता येतो, आणि पक्का बसला की पंपाचा दांडा हलेनासा होतो. हिवाळ्याआधी त्या आकड्यावर ओरेस्टनेच ग्रीस चोपडलं होतं, मित्राचं विमान म्हणून जरा जास्तच. थंडीत ते घट्ट झालं आणि आकडा अर्ध्यात अडकला. मायेपोटी केलेलं काम असं अंगाशी आलं, तर माणसाने तोंड कुठे लपवावं?

तेव्हापासून ते विमान त्याच्या डोक्यावरून कधी हटलंच नाही. जेवायला बसला की छपरावर विमानाची घरघर यायची. ताटातले पिरोगी, ते बटाटा भरलेले उकडलेले कानवले, तसेच टाकून तो दारात जायचा. आकाश रिकामं.

"कोणी नाहीये रे," बायको सोफी म्हणायची. "गार होतंय, खाऊन घे."

"फेरी मारून परत येतोय तो."

"येऊ दे. तोवर तू खा."

पुढे गॉर्डीची मुलगी मार्सी वैमानिकच झाली. किती समजावलं, पण हट्टाला बापावर गेलेली. तिच्या विमानाचे आकडे ओरेस्ट पुसून कोरडे ठेवायचा, वर पातळ तेलाचा एकच थेंब. आणि एका जानेवारीत, भर दुपारीच, रेडिओ खरखरला.

"काका, हिरवा लागत नाहीये. बल्ब बदलला तरी नाही. वरून जाते, बघ जरा."

विमान शेडवरून गेलं. चाकं सरळ. अगदी त्या दिवशीसारखी. शेडमधले सगळे ओरेस्टकडे बघत राहिले. त्याचे हात खांद्यापाशीच थिजले. मग तो आत धावला आणि त्याने माइक ओढला.

"मार्सी, माझ्याकडे बघू नकोस. मला खालून काही कळत नाही."

"अरे, मग ते हात काय शोभेला आहेत? पाय गोठले इथे माझे!"

"वर जा. हातपंप मार. दांडा हलेनासा होईपर्यंत."

"मारला की मघाशी थोडा."

"परत मार, भवाने! तुझ्या बापाला हे सांगायला हवं होतं मी!"

रेडिओवर नुसती धाप ऐकू आली.

"काका, आता हलत नाही. दगड झालाय."

"मग ये."

चाकं टेकली, डावा पाय ताठ राहिला, विमान सरळ येऊन थांबलं. ओरेस्टला मात्र तो पाय दुमडताना दिसला, विमान झाडांपर्यंत जाताना दिसलं, आणि समोर मार्सी धडधाकट उतरत होती तरी त्याचे डोळे झाडांकडेच लागले होते.

त्याने विमानाखाली पडून हाताने चाचपलं. आकडा नीट बसला होता. दिव्याची तार तेवढी थंडीने तुटली होती.

"म्हणजे हात वर केले असतेस तरी चाललं असतं," मार्सी हसली.

"तुझ्या बापाच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं, पोरी."

तिचं हसू गेलं. तिने त्याची बाही घट्ट धरली.

संध्याकाळी सोफीने वाढलं आणि छपरावर घरघर आली. या वेळी ओरेस्ट दारात थांबला नाही. अंगणातल्या बर्फात जाऊन एक हात जोरजोराने आडवा हलवत रडत ओरडला, "नको, गॉर्डी! उतरू नकोस! वर जा, पंप मार!"

आवाज तळ्यापलीकडे गेला. सोफीने ताट पुन्हा गरम करायला नेलं. ओरेस्टला वाटलं, ऐकलं गॉर्डीने, सुटलो. तेवढ्यात ती घरघर वळून परत आली, पहिल्यापेक्षाही खालून, आणि ओरेस्ट पुन्हा हात हलवू लागला.